दयाळाचं निमित्त

देवरी

प्रिय टीना,

रविवारी मला कायमचं नागपूरला न्यायला गाडी पाठवू नकोस.

कुंपणाच्या तारेनं जखमी झालेला दयाळ पक्षी अंगणात सापडला होता. शेजारच्या रुख्मानं मायेनं हळद-तेल चोपडलं. जखम भरली, पण पिसं चिकटून त्याला उडताच येईना.

"पाखराला कोणी तेल लावतं का?" मी रागावले.

"टीनाले त रोज चोपडत होत्या ना जी!"

मला हसू आलं. लहानपणी मिशनच्या शाळेतल्या सिस्टर माझ्या बाहीवरची शाई धुवायच्या, तसं हलक्या हातानं त्याला साबणाच्या कोमट पाण्यानं धुतलं.

आज तो जांभळीवर बसून गायला. आता न येण्याला पाखराचं निमित्तही उरलं नाही. तरी मी इथेच राहणार.

तुझा आवाज ऐकला की मी हो म्हणून बसते, म्हणून आधी लिहून काढलं. आता फोन लावते.

तुझी,
अंगणातली आई