पर्यायाच्या तीन ओळी

२७ जानेवारी, सोमवार
आज नववीच्या सगळ्यांना ऑडिटोरियममध्ये कोंबलं आणि पुढच्या वर्षीचे विषय कसे निवडायचे ते सांगितलं. सांगणाऱ्या मिसेस व्हँडरली, आमच्या कौन्सेलर. चाळीस मिनिटं. सार एवढंच की दहावीत आपले विषय आपण निवडायचे, नीट विचार करून. हॉलमध्ये एकशे बारा जण होते. विचार करू शकणारा एक. तो हे लिहितोय.

बाकीच्यांचे निकष ऐकले. कोणत्या सरांच्या तासाला पॉपकॉर्न मिळतं. कोणाच्या तासाला झोपता येतं. केसी ब्रूकनर म्हणाली, ज्या वर्गाला खिडकी आहे तो विषय. हे लोक पुढे मतदान करणार आहेत.

माझा आराखडा तयार आहे. एपी इतिहास, म्हणजे थेट कॉलेजच्या दर्जाचा. ऑनर्स रसायन. ऐच्छिक विषय वादविवाद. तो पुढच्या वर्षी नव्यानेच निघतोय, त्यामुळे त्याला सुरुवातीलाच कोणीतरी दमदार लागेल.

सध्याचे ग्रेड: जीवशास्त्र सी प्लस, भूमिती सी वजा. सोप्या विषयांत माझं मन लागत नाही.

२९ जानेवारी
डब्याच्या सुट्टीत एमेटला आराखडा समजावला. एमेट कोवाल्के, चौथीपासून माझ्या समोर बसून जेवतो. मन चांगलं आहे, डोक्याचं सांगता येत नाही. जीवशास्त्राच्या प्रेझेंटेशनला अख्खी पाच मिनिटं फळ्याकडे तोंड करून बोलला. सरांनी इकडे वळ म्हटलं तर कान लालभडक. त्याला विचारलं, तू काय घेतोयस? म्हणाला, साधं रसायन, वेल्डिंग, बँड. आणि ऐच्छिकात बहुतेक स्वयंपाक. पदवी मिळाल्यावर पॅनकेक विकणार असेल.

याला माझ्याशिवाय कोण विचारणार, या काळजीने कधीकधी मला घास उतरत नाही. आज उतरला, पिझ्झा होता.

५ फेब्रुवारी
ऑनर्सला आणि एपीला शिक्षकांची शिफारस लागते म्हणे. जीवशास्त्राच्या ड्युसो सरांकडे गेलो. म्हणाले, नोलन, साधं रसायन घे, त्यात तुझं छान होईल. वर म्हणाले, तुझी प्रयोगवही नोव्हेंबरनंतर मला दिसलेली नाही. बावीस वर्षं तोच बेडूक चिरत बसलेल्या माणसाला माझी झेप कळावी ही अपेक्षाच चूक होती.

इतिहासाच्या मिस ऑस्टबी म्हणाल्या, तू बोलतोस भरपूर रे, आता थोडं वाचतही जा. यात कौतुकाचा भाग जास्त होता. सही मात्र दिली नाही.

७ फेब्रुवारी
शिफारस नसली तरी चालतं! पालकांच्या सहीचा वेगळा फॉर्म असतो. माझी बहीण ब्रिटा, बारावीत आहे, त्याला हट्टाचा फॉर्म म्हणते. तिला विचारलं, हुशार मुलं हाच भरतात ना? म्हणाली, हुशार मुलांना शिफारस मिळते, गाढवा. नर्सिंगला चाललेल्या माणसाचा दृष्टिकोन असाच मर्यादित असायचा.

१० फेब्रुवारी
बाबा काउंटीचा बर्फ काढायचा ट्रक चालवतात. चौदा तास रस्ते साफ करून आले आणि चिलीच्या वाडग्यावर पेंगायला लागले. तेव्हाच फॉर्म पुढे केला. वाचलाही नाही, सही ठोकली. याला म्हणतात विश्वास.

आईने मात्र वाचला. ती डेंटिस्टकडे काम करते, लोकांच्या दाढा बघून संशयी झाली आहे. म्हणाली, नोलन, इथे ठळक लिहिलंय, एकदा घेतला की जानेवारीपर्यंत विषय सोडता येणार नाही. वाचलंस का हे? मी म्हणालो, सोडणाऱ्यांसाठी लिहिलंय ते. म्हणाली, तू पियानो सोडलास, कराटे सोडलंस, ब्रोकोली सोडलीस. ब्रोकोलीचा इथे काय संबंध?

१२ फेब्रुवारी
मुख्य फॉर्म आज भरला. ऐच्छिक विषयासाठी एक ओळ आणि त्याखाली पर्यायाच्या तीन ओळी. पहिला विषय मिळाला नाही तर दुसरा, नाहीतर तिसरा, अशी भिकार सोय.

एमेट डब्याच्या सुट्टीत मागेच लागला. म्हणाला, एका ओळीत स्वयंपाक लिही ना यार. ऐच्छिक पाचव्या तासाला असतं आणि पाचव्या तासाला ज्या वर्गात असू त्यावर पहिलं लंच की दुसरं लंच ते ठरतं. वेगळे वर्ग पडले तर जेवण वेगळं होईल आपलं. मी म्हणालो, एमेट, माणसाने कुठे जेवायचं यावरून शिक्षण ठरवायचं नसतं. म्हणाला, शिक्षण नाही रे, एक ओळ फक्त. शेवटची लिही हवं तर. मी नुसता हसलो. त्याने आपला फॉर्म घडी करून खिशात घातला आणि माझ्या ताटातल्या उरलेल्या बटाट्याच्या गोळ्या खाल्ल्या. माझ्याशिवाय जेवावं लागेल म्हणून घाबरलाय बिचारा.

तिन्ही ओळींत वादविवाद, वादविवाद, वादविवाद असं लिहिलं. सुवाच्य.

१४ फेब्रुवारी
मिसेस व्हँडरलींनी बोलावलं. म्हणाल्या, बाळा, पर्याय म्हणजे दुसरं काहीतरी लिहायचं असतं. मी म्हणालो, ज्याने पर्याय लिहिला त्याने हार आधीच मान्य केली. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, वर्ग निघाला नाही तर जिथे जागा असेल तिथे टाकावं लागेल, चालेल? मी म्हणालो, निघेल. त्यांनी पेन्सिलने कोपऱ्यात काहीतरी लिहून घेतलं. बहुधा माझं वाक्य.

१० एप्रिल
वादविवाद रद्द. पंधरा मुलं हवी होती, चारच नावं आली. पॉपकॉर्नवाल्यांचं राज्य आहे, दुसरं काय होणार.

पण चार! म्हणजे माझ्याखेरीज तिघे. नावं सांगत नाहीत. या शाळेत माझ्या तोडीचे तीन जण आहेत आणि मला त्यांचा पत्ता नाही. दिवसभर कॉरिडॉरमध्ये चेहरे न्याहाळले. एकही लायक दिसला नाही. एमेटला सांगितलं, बघ, असे लोक शोधायला हवेत मला. तो हं म्हणाला आणि बुटाची नाडी बांधायला खाली वाकला. बराच वेळ बांधत होता.

६ जून
भूमितीत डी. शिकवणाऱ्या बाईंना घाई फार.

एपी इतिहासाचं सुट्टीतलं काम मिळालं. आठशे पानांचं पुस्तक, पहिली सहा प्रकरणं वाचून टिपणं काढायची. संकल्प: रोज पहाटे पाच ते सात वाचन. जूनअखेर काम फत्ते. जुलैत रसायन आधीच संपवून टाकणे.

७ जून
पावणेअकराला उठलो. शनिवार धरत नाहीत.

२१ जून
पाच पानं. मेसोपोटेमिया. तिथल्या लोकांनाही नियोजन येत नव्हतं.

एमेटचा फोन. तळ्यावर चल, काकाची बोट आहे, संध्याकाळी मासे तळू. मी म्हणालो, मला वाचायचंय, काही लोकांना भविष्य असतं. म्हणाला, बरं. मग तीन तास जलद वाचन कसं करावं याचे व्हिडिओ बघितले. पाया पक्का हवा.

१९ जुलै
अकरा पानं. एमेटने पुन्हा विचारलं, जत्रेला येतोस का म्हणून. त्याने स्वतः केलेला चेरी पाय स्पर्धेत ठेवलाय. मी म्हणालो, बघतो. म्हणजे नाही. त्याला ते कळतं, म्हणूनच मैत्री टिकली.

२६ जुलै
पायला तिसरा नंबर. फोटो पाठवला. बाजूला स्वयंपाक विषय घेतलेली दोन मुलं आणि केसी ब्रूकनर. सगळ्यांच्या तोंडाला चेरी लागलेली. मी अंगठा पाठवला. सुमार लोकांत लवकर रमतो तो. आता पुन्हा विचारलं तर जाईन.

१५ ऑगस्ट
विचारलं नाही. कामात असेल.

२० ऑगस्ट
वेळापत्रक आलं. पहिला तास एपी इतिहास. चौथा ऑनर्स रसायन. सहावा भूमिती, पुन्हा. पाचवा तास: अभ्यासाची कौशल्ये. हे मी लिहिलं नव्हतं. ब्रिटा म्हणाली, गृहपाठ न करणाऱ्या नववीच्या पोरांना तिथे टाकतात, डायरी कशी लिहायची ते शिकवतात. मला शिकवणार! उलट शाळेला तिथे कोणीतरी मोठं, आदर्श असं हवं असणार.

एमेटला मेसेज केला, कुठलं लंच? पहिलं, म्हणाला. माझं दुसरं. मी लिहिलं, सांभाळ स्वतःला. त्याने हसरा चेहरा पाठवला.

२ सप्टेंबर, मंगळवार
शाळेचा पहिला दिवस. एपीत पहिल्याच तासाला सुट्टीतल्या वाचनावर परीक्षा. मेसोपोटेमियावर एकच प्रश्न आला, तोही अवघड बाजूने.

दुसरं लंच. ट्रे घेऊन उभा राहिलो. ओळखीचं टेबल नाही. कचऱ्याच्या डब्याजवळ नववीच्या पोरांत बसलो. एकाने विचारलं, तू नापास झालास का? मी म्हणालो, अजून नाही.

आत शिरताना पहिल्या लंचवाले बाहेर पडत होते. एमेट केसीला काहीतरी सांगत होता, मोठ्याने, तिच्या तोंडाकडे बघून. तिघे चौघे हसत होते. मला हात केला त्याने. थांबला नाही, तास होता.

३ सप्टेंबर
जेवलो नाही. भूक नव्हती.

४ सप्टेंबर
दुसऱ्या लंचला मिसेस व्हँडरलींकडे गेलो. म्हणालो, वेळापत्रकात शाळेची चूक झाली आहे. त्या म्हणाल्या, बस. एपी आणि रसायन जानेवारीपर्यंत सोडता येणार नाही, बाबांची सही आहे. अभ्यासाच्या कौशल्यांचं विचारलं तर त्यांनी फायलीतून माझा फॉर्म काढला. वादविवाद, वादविवाद, वादविवाद. खरंच सुवाच्य होतं.

मी म्हणालो, पण आणखी तिघे होते. त्यांचं काय केलंत? म्हणाल्या, दोघी यंदा बारावीत आहेत, त्या गेल्या फ्रेंचला. आणि तिसरा तुझा मित्र ना, एमेट. मी म्हणालो, नाही, त्याने स्वयंपाक लिहिला होता. म्हणाल्या, तो पहिला पर्याय होता रे. वरच्या ओळीत वादविवाद. मीच त्याला म्हटलं होतं, एमेट, यात सगळ्यांसमोर उभं राहून बोलावं लागतं, माहिती आहे ना? तर कान लाल करून म्हणाला, हो, पण नोलन असेल.

म्हणायला काही सुचलं नाही. वादविवादाचा पहिला विद्यार्थी.

मिसेस व्हँडरलींनी टिश्यू पेपरचा खोका पुढे केला. मी म्हणालो, धूळ फार आहे इथे. मग म्हणालो, मला स्वयंपाकात टाका, कुठेही, मागच्या ओट्यावर चालेल. त्यांनी कॉम्प्युटरवर बघितलं. म्हणाल्या, जागा नाही राजा, एप्रिलमध्येच संपल्या. पर्यायात एकदा जरी लिहिलं असतंस तर तुझा नंबर लागला असता.

घंटा झाली. त्यांनी उशिराची चिठ्ठी लिहून दिली. मी भूमितीला गेलो.