वासरं डागायच्या दिवशी

प्रिय लाइल,

'प्रिय' सवयीने लिहिलंय, हुरळून जाऊ नकोस. परवा तुझ्या बायकोने, डार्लाने, फोनवर सगळं सांगितलं. गोठ्यामागचा चढ चढताना तुझ्या छातीत कळ येते, जबडा आवळतो, मग तू कुंपणाला टेकतोस, आणि ती बघतेय म्हटलं की बुटाचं शेण खरवडल्याचं सोंग करतोस. मी, सख्ख्या बहिणीने, फोन केला तर म्हणालास, "आधी वासरांवर आपली खूण डागून होऊ दे, मग बघू. तू तुझे डोंगर बघ, तीन महिन्यांच्या पाहुण्याबाई!" आणि फोन आपटलास. वा रे शूरवीर!

माझे डोंगर म्हणे! अरे, दर तीन महिन्यांनी गाव बदलणाऱ्या माझ्यासारख्या फिरत्या नर्सेसना प्रत्येक हॉस्पिटल डोंगरांचे फोटो दाखवूनच बोलावतं. माझ्या मोटेलच्या खिडकीतून दिसते गॅसची टाकी. वॉर्डात आणखी एक नर्स द्या म्हटलं, तर मॅनेजर ब्राइस दात काढून म्हणतो, "लॉर्ना, असा देखावा दुसरीकडे कुठे मिळणार?" देखावा काही पेशंटला सलाईन लावत नाही, हे त्या गाढवाला कोण सांगणार! आणि पेशंट? सगळे तुझेच भाऊबंद. मोडलेला हात आधी गुरांच्या डॉक्टरला दाखवतात, तो नाही म्हणाला की मग आमच्याकडे. वर ऐट अशी, की आमच्यावर उपकारच करतायत.

त्यातलाच एक ऑल्डन स्कोगलंड. तुझ्याच वयाचा, तुझ्यासारखाच हटवादी, तुझ्यासारखीच छातीत कळ. डॉक्टर म्हणाले, ताबडतोब मोठ्या हॉस्पिटलात न्यायला हवं. तर हा म्हणतो, "उद्या माझ्याकडे वासरं डागायचीत. सगळे शेजारी मदतीला येणार, आणि यजमानच गायब? लोक काय म्हणतील?" मी पुष्कळ ओरडले. मला म्हणाला, "बाई, तुम्ही आज ना उद्या जाल. मला या लोकांत जन्म काढायचाय." छातीवरच्या वायरी स्वतःच्या हाताने उपटल्या, हॅट चढवली आणि गेला. जन्म उरला होता एका दिवसाचा. दुसऱ्या दिवशी दुपारी दोघा शेजाऱ्यांनी त्याला आणलं तेव्हा करण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

आणि तिकडे काय झालं, ऐकायचंय? बाकीच्यांनी उरलेली वासरं डागली. त्यांना तरी का नावं ठेवू? आतमध्ये वासरं कोंडलेली, बाहेर गाई हंबरतायत, करणार काय! एकही वासरू ऑल्डनवाचून अडलं नाही. त्या दिवसासाठी केलेली बटाट्याची कोशिंबीर लोकांनी त्याच्या मयतीच्या जेवणात संपवली. त्याची बायको नंतर हॉस्पिटलात आली होती. माझ्यापाशी बसून म्हणाली, "शेजाऱ्यांचं नुसतं निमित्त हो. घाबरला होता तो." मला तिथल्या तिथे तू आठवलास. लहानपणी दात दुखला की गवताच्या गंजीमागे लपायचास, आणि वर सांगायचास की कोंबड्या मोजत होतो. आता पन्नाशी उलटली, कोंबड्यांच्या जागी वासरं आली. एवढीच काय ती तुझी प्रगती.

आता नीट वाच. डार्ला हे तुझ्या हातात देईल तेव्हा तू वासरं धरायचा दोर घेऊन उभा असशील, भोवती सगळे शेजारी जमलेले असतील. मान वर कर. फाटकाशी माझी गाडी उभी आहे, तिच्यातच बसून हे खरडतेय. समोर आले असते तर चारचौघांत भांडला असतास आणि मग केवळ हट्टापायी आला नसतास. काम मध्येच सोडून आलेय, ब्राइस बोंबलतोय, बोंबलू दे. शेजाऱ्यांची काळजी तर करूच नकोस. डार्लाने कालच घरोघरी फोन करून सगळं सांगितलंय. ती माणसं मघापासून वासरांकडे बघतच नाहीयेत, बावळटा, तू कधी निघतोस ते बघतायत. दोर कुणाच्याही हातात दे आणि गाडीत येऊन बस. रस्ताभर तुला शिव्या घालणार आहे. न घालता गाडी चालवली तर रडू येईल, आणि मग रस्ता दिसायचा नाही.

तुझीच,
तीन महिन्यांची पाहुणी,
लॉर्ना