शेवटच्या बाकावरचे बाबा

प्रिय दादा,

गुरुवारपासून तुला हे कधी एकदा सांगते असं झालंय. फोन केला असता तर निम्म्यातच रडले असते नाहीतर हसले असते, आणि तू म्हणाला असतास, भोंगा, आधी श्वास घे. म्हणून लिहितेय. डेपोच्या विश्रांतीच्या खोलीत बसलेय, पुढच्या फेरीला पाऊण तास आहे. अक्षर वेडंवाकडं आलं तर चालवून घे, कागद मांडीवर घेऊन लिहितेय. बाबा बसमध्ये बसले, दादा. आपले बाबा. माझ्या बसमध्ये, सकाळच्या गर्दीत, तिकीट काढून.

तुला घर सोडून वीस वर्षं झाली, पण तू काही विसरला नसशील. आपल्या खुर्च्या मोजे घालायच्या, आठवतं? पाय सरकल्याचा आवाज नको म्हणून आई तुझे फाटके मोजे खुर्च्यांना चढवायची, आणि शाळेतल्या मैत्रिणीने विचारलं तेव्हा मी खुशाल सांगितलं होतं की त्यांना थंडी वाजते. फाटकातूनच ओरडायचं, ‘मीच आहे, एकटीच आहे.’ झोपलेल्या बाबांना हात लावून उठवायचं नाही, दारात उभं राहून हाक मारायची. खिडकीच्या गजाला लाल टॉवेल दिसला की घरी यायचंच नाही, सरळ शिंपीणकाकूंकडे जायचं. आणि टॉवेल नसलेल्या बऱ्या दिवशी बाबा परसात खड्डा खणायचे, छातीइतका खोल, आणि आपण त्यात उतरून अभ्यास करायचो. मला तो खेळ वाटायचा. तू मात्र पुस्तक उघडून बाबांच्या चेहऱ्याकडेच बघत बसायचास. तू सहा वर्षांनी मोठा, तुला कळत असणार.

मला ड्रायव्हरची नोकरी लागली तेव्हा बाबांनी तीन आठवडे माझ्याशी अबोला धरला, हे मी तुला कळवलं होतं. का धरला, ते मलाच गेल्या वर्षी कळलं. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंसमोर ते पहिल्यांदा बोलले. युद्धात ते सामानाचा ट्रक चालवायचे. सहा ट्रकांची रांग, त्यांचा पाचवा. सहाव्यात त्यांचा मित्र होता. तो ट्रक उडाला तो त्यांनी आरशात पाहिला. एवढंच सांगितलं, आणि एवढं सांगायला त्यांना तीन महिने लागले. म्हणून त्यांना पाठीमागे कुणी असलेलं चालत नाही, म्हणून ते सगळीकडे पायी जातात. निदान मी तरी तसंच धरून चालले होते.

तर गुरुवारी चौथ्या थांब्यावर ते चढले. इस्त्रीचा शर्ट, केस विंचरलेले. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, कंडक्टरकडून तिकीट घेतलं आणि सरळ शेवटच्या बाकावर जाऊन बसले, म्हणजे पाठीला फक्त बसची भिंत. आमच्या कंडक्टरला आम्ही सगळे मावशी म्हणतो. मावशीने घंटी मारली. मी आरशात बघतेय, रस्त्यावर बघतेय, पुन्हा आरशात. दोन थांबे गेले, तीन गेले, बाबा बसलेले. मला वाटलं खिडकीतून डोकं काढून सगळ्या रस्त्याला सांगावं.

आणि पुलाच्या उतारावर मागचा टायर फुटला.

तू तो आवाज ऐकला नाहीस ते बरं झालं. बस एका बाजूला ओढली गेली, मी कशीबशी कडेला घेतली, थांबवली. लोक ओरडत होते. आरशात पाहिलं तर शेवटचा बाक रिकामा. मला एकदम तो फुगा आठवला. मित्राच्या वाढदिवसाहून तू माझ्यासाठी आणलेला, निळा. मीच तो भिंतीवर घासत होते. पुढचं मी तुला लिहायला नको. आईने प्लास्टर घालणाऱ्या डॉक्टरांना सांगितलं, मुलगा जिन्यावरून पडला. शाळेत तेच सांगितलं, शिंपीणकाकूंना तेच, आणि दुसऱ्या दिवशी भानावर आलेल्या बाबांनाही तेच. तुझं मनगट अजून पूर्ण वळत नाही, हे मला ठाऊक आहे. तू पत्रात कधी लिहीत नाहीस, पण तुझं अक्षर सांगतं.

मी धावत मागे गेले. दोन बाकांच्या मधे एक म्हातारे गृहस्थ पालथे, आणि बाबा त्यांच्यावर आडवे, एका हाताने त्यांचं डोकं झाकून. एक तगडा माणूस बाबांची कॉलर धरून त्यांना मागून ओढत होता. मी माझा सगळा भोंगा बाहेर काढला: ‘हात लावू नका त्यांना.’ त्याने सोडलं. मग मी युनिफॉर्मसकट खाली आडवी झाले, बाबांच्या समोर तोंड करून, आणि डॉक्टरीणबाईंनी शिकवलं तसं विचारलं, ‘बाबा, काय काय दिसतंय?’ त्यांचे डोळे बाकाखाली फिरले. मग म्हणाले, ‘खिळा. तिकीट. तुझी वेणी.’ मी म्हटलं, अजून? ते म्हणाले, ‘टायर गेलाय. मागचा, आतल्या बाजूचा. हवा जास्त भरली होती कुणीतरी.’

दादा, मला हसू फुटलं. तिथे जमिनीवर पडून मी हसत होते. बाबा आपणहून उठले. त्या गृहस्थांना हाताला धरून बसवलं, त्यांचा चष्मा शोधला, शर्टाच्या टोकाने पुसून दिला आणि माफी मागितली. ते म्हणाले, ‘अहो, माफी कसली? मला वाटलं आता बस उलटतेय, तेवढ्यात तुम्ही डोकं तरी झाकलंत.’ कुणाला काही लागलं नव्हतं. कुणालाही.

प्रवासी दुसऱ्या बसने गेले. बाबा गेले नाहीत, माझ्याबरोबर फुटपाथच्या कडेला बसून राहिले. तेव्हा मावशीने बिंग फोडलं. बाबा पाच महिने बसने जातायत. आधी एकच थांबा, मग उतरून चालत परत. मग दोन, मग चार. माझी पाळी नसेल ती बस बघून. अख्ख्या डेपोत त्यांचं नाव ‘एक थांबा काका’ पडलं होतं, आणि त्यांनी सगळ्यांकडून वचन घेतलं होतं की पोरीला सांगायचं नाही. गुरुवारी त्यांना शेवटपर्यंत जायचं होतं, आणि ते माझ्या बसमधून. मी विचारलं, एवढा खटाटोप कशासाठी? तर म्हणाले, ‘त्याच्या गावाला नऊ तास लागतात ना?’ आणि मग रस्त्याकडे बघत म्हणाले, ‘आपल्या घराला जिना कधी होता गं?’

म्हणून हे पत्र, दादा. बाबांना तुझ्याकडे यायचंय. राहायला नाही. तुझ्या घरी लगेच नकोच म्हणतात, तुझी लेक लहान आहे. बाहेर कुठेतरी तासभर बसायचं, आणि तुझा हात कुणी मोडला ते त्यांनी स्वतः तुला सांगायचं. आई म्हणाली, जिना मी बांधला होता, तेव्हा मलाही यायला हवं. मी त्यांच्याशेजारी बसून येईन. तू नाही म्हणालास तर मी त्यांना तसं सांगेन आणि तुझ्यावर कणभरही रागावणार नाही; मी सहा वर्षांची होते, मोडला तुझा हात होता. तुझा पत्ता मी त्यांना कधीच दिला नव्हता, तू तशी शपथ घातली होतीस; तुझी पत्रं तेवढी माझ्या कपाटात असतात. पण पाकिटावरचं अक्षर माझं नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेल. आज सकाळी त्यांनी ते माझ्यासमोर लिहिलं, कुठेही न बघता, तुझ्या घराच्या नंबरासकट.

तुझीच,
भोंगा