नवे माप

४ जून

चि. बारकीस,
ताईचे आशीर्वाद. देवाच्या कृपेने इकडे सारे बरे. माझ्या थोरलीच्या लग्नासाठी तुझा ब्लाउज शिवून पाठवत आहे. माप तुझ्या आजारपणाआधीचेच धरले. दोन महिने हातात आहेत, जरा अंग उतरव. तुझे ते आधीचे रूप डोळ्यांपुढून हलत नाही. प्रकृतीस जपावे.
तुझी ताई

१ जुलै

ती. ताईस,
सा. न. रागावू नकोस. ब्लाउज यावा म्हणून मी अकरा दिवस गोळ्या घेतल्या नाहीत. त्यांनीच तर बावीस किलो चढवलेत. दोन किलो उतरले, पण बाराव्या दिवशी ग्रंथालयातली कपाटे माझी निंदा करू लागली. तशीच उठून एकटी डॉक्टरबाईंकडे गेले. गोळ्या पुन्हा चालू आहेत. बाई म्हणाल्या, वजन कमी होईल तेव्हा होईल, आधी दम वाढवा. आता पुस्तकांचे गठ्ठे चौथ्या मजल्यावर मीच चढवते, मध्ये न थांबता.
ब्लाउज परत पाठवते. लग्नाला माझी वाट पाहू नका. सगळे मलाच बघत बसतील.
तुझी बारकी (नावापुरती)

५ जुलै

चि. बारकीस,
आशीर्वाद. पत्र देवापुढे बसून दोनदा वाचले. चुकले माझे. ब्लाउज सैल करावा म्हणून उसवला, तर आत माया सोडलेलीच नाही. अर्धी वीत कापड वाचवायला गेले. त्या पत्रातही तेच केले बघ.
कपाटे बोलत असताना तू एकटी दवाखाना गाठलास. माझ्याच्याने झाले नसते. मी तर दुसऱ्या मजल्यालाच कठडा धरते. बघणारे बघू देत, मीही तुलाच बघणार आहे. नवे कापड आणले आहे, भरपूर. टेप घे आणि आजचे माप कळव, चोरून एक इंचही कमी लिहू नकोस.
लोभ आहेच, तुझाही असू दे.
ताई

११ जुलै

ती. ताईस,
सा. न. गोळी घेऊन लिहायला बसले आहे. छाती चव्वेचाळीस, कंबर बेचाळीस, दंड सोळा. पोटरीचे माप ब्लाउजला लागत नाही, तरी लिहून ठेव: सतरा, आणि दगडासारखी घट्ट. दोन दिवस आधी येते. मांडवातली जड भांडी मला ठेवा.
बारकी