चाळीस आकडे मागे सरकवलेली सुई

मी, खाली सही करणारा, वय वर्षे अडुसष्ट, इस्पितळाच्या धुलाईखान्यात एकतीस वर्षे बॉयलर सांभाळून निवृत्त झालेला माणूस, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. दबाव कोणाचाही नाही. रक्ताचा आहे, पण त्याने मला काही लिहायला भाग पाडलेले नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. एकदा मेव्हण्याला गप्प बसवण्यासाठी ‘केले आहे’ असे सांगितले होते, ती थाप समजावी.

१. राहते घर, दोन खोल्या आणि गॅलरी, माझ्या पश्चात पत्नीचे. तसेही ते तिचेच आहे, मी फक्त दारावरच्या पाटीवर आहे.

२. शिल्लक असेल ती पत्नीची, तिच्यानंतर मुलीची. मुलीने बागेत माझ्या नावाचे बाकडे बसवू नये. त्याच बागेत ती मला रोज अर्धा तास चालायला पाठवत असे आणि बाकड्यावर टेकलेले तिला खपत नसे. आता उदारपणा नको.

३. चालण्याचे बूट जावयांना. बूट जवळजवळ नवे आहेत, कारण पहिले दीड वर्ष मी फाटकापर्यंत जाऊन तिथे वर्तमानपत्र वाचत उभा राहत असे. गेले सहा महिने मात्र खरोखर चाललो आहे, म्हणून उजवी टाच झिजलेली आहे.

४. माझ्या मेव्हण्याने मला सांगितले होते की दाबाच्या गोळीची एकदा सवय लागली की सुटत नाही. त्याला जेवणाचीही सवय आहे, तीही सुटल्याचे कोणी पाहिलेले नाही. त्याला वजनकाटा देत आहे. त्यावर उभे राहून आकडा आपल्या बहिणीसमोर, म्हणजे माझ्या पत्नीसमोर, मोठ्याने वाचावा.

५. माझे सर्व पाने, पक्कड आणि पितळी दिवा माझा जुना सहकारी, ज्याला सगळे शिट्टी म्हणतात, यास. बारा वर्षांपूर्वी वरिष्ठांची कटकट नको म्हणून याने बॉयलरच्या दाबमापकाची सुई मागे बसवली होती. मी त्याला चारचौघांत फैलावर घेतले. ‘सुई खोटी केली म्हणून वाफ खोटी होत नाही,’ हे माझेच वाक्य. त्यानंतर मी त्याच्या शेजारी बसून डबा खाल्ला नाही. पाने त्याला का, ते पुढील कलमात आहे.

६. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी माझा वरचा दाब एकशे सत्तर असल्याचे सांगितले. रोज सकाळी एक गोळी, मीठ कमी, चालणे, आणि विचारल्याशिवाय काहीही बंद करायचे नाही, असा हुकूम झाला. महिन्याभरात दाब उतरला. बॉयलरवाल्याचे डोके ते. दाब उतरला, आता इंधन कशाला, म्हणून मी गोळी बंद केली आणि कुंडीत पुरू लागलो. दाब पुन्हा चढला. पत्नी रोज घरच्या, घड्याळासारखी सुई असलेल्या यंत्रावर तो मोजून वहीत लिहीत असे. आकडा वाढताच घरातून खारे शेंगदाणे नाहीसे झाले, मिठाची बरणी कपाटात गेली आणि कपाटाची किल्ली हिच्या कमरेला.

मग एका दुपारी ही बाहेर गेली असताना मी यंत्राची काच उघडली, सुई काढून चाळीस आकडे मागे बसवली आणि शून्याशी एक टाचणीचे टोक रोवले, म्हणजे सुई त्याला टेकून निरागस दिसावी. काम सफाईदार झाले होते. दुसऱ्या दिवशी वहीत एकशे तीस आले आणि संध्याकाळी वाटीत शेंगदाणे.

पण त्याच यंत्रावर ही स्वतःचाही दाब मोजते. पाच वर्षे हिला गोळी आहे. हिचा आकडा शहाण्णव दिसू लागला. फार उतरतोय असे वाटून हिने कोणाला न विचारता गोळी अर्धी केली. दाब चढत गेला आणि यंत्र त्याला छान म्हणत गेले. पाचव्या आठवड्यात ही जिन्याच्या वळणावर डोके धरून खाली बसली. डॉक्टरांच्या यंत्रावर एकशे अठ्ठ्याहत्तर आले. ‘घरी तर छान येतो हो,’ असे ही त्यांना पुन्हा पुन्हा सांगत होती आणि मी शेजारी उभा होतो. घरी येऊन सुई जागेवर बसवली. यंत्र बिघडले होते, असेच सगळे समजतात.

माझ्या शेंगदाण्यांपायी ही गेली असती. त्या दिवसापासून मी एकही गोळी चुकवलेली नाही.

७. हे सर्व पत्नीस माझ्या मागे कळावे आणि तिने मला माफ करावे. समोर सांगण्याची माझी छाती नाही.

पुरवणी. शिट्टी साक्षीसाठी आला. त्याला सहीची जागा दाखवायला म्हणून हिने कागद उचलला आणि उभ्या उभ्या शेवटपर्यंत वाचला.

“मेल्यावर माफी मागायची सोय केलीत होय?” ही म्हणाली. “तेवढा वेळ मला नाही. आत्ता मागा.”

मी मागितली. शिट्टी छताकडे बघत बारीक शिट्टी वाजवू लागला. हिने कागद टेबलावर ठेवला. मग म्हणाली की डॉक्टरांना न विचारता गोळी अर्धी केली ही चूक तिची, बाकी सगळी माझी. यंत्र आणून तिने पट्टा माझ्या दंडाला गुंडाळला, गरजेपेक्षा जरा घट्टच, आणि वहीत आकडा लिहिला. नंतर पट्टा स्वतःच्या दंडाला बांधून माझ्यापुढे हात ठेवला.

“आता माझा तुम्ही मोजा,” म्हणाली.

सबब कलम सात जिवंतपणीच वापरले गेल्याने रद्द. कपाटाची किल्ली पूर्ववत हिच्याकडेच राहील.

सही: मृत्युपत्र करणारा

साक्षीदार पहिला: शिट्टी. (पाने आत्ताच मिळाले तर बरे. डबा उद्या आणतो.)

साक्षीदार दुसरे: डॉक्टर. (लिहून देणारा शुद्धीत आहे. दोघांचे दाब माझ्या यंत्रावर तपासले, ठीक आहेत. या कागदाची घाई नव्हती.)

ठिकाण: आमचे स्वयंपाकघर, खिडकीजवळचे टेबल.
वार: मंगळवार. वेळ: दोघांनी एकमेकांसमोर गोळी घेतल्यानंतर.