दोन पाकिटं

रविवार, ३ जानेवारी

प्रिय टिल्लू,

आशीर्वाद.

यंदा वॉचमनला आपल्या घरून दोन पाकिटं गेली. आज सकाळी खुद्द वॉचमननेच हे सांगितलं. मी "काहीतरी घोळ आहे तुमचा" म्हटल्यावर त्याने टेबलाच्या खणातून दोन्ही रिकामी पाकिटं काढून माझ्या पुढ्यात ठेवली. घोळ नव्हता. एक तुझ्या आईने दिलेलं. दुसऱ्याचं पुढे सांगतो.

माझं पत्र बघून दचकू नकोस. इकडे सगळे धडधाकट आहोत. आई ठीक आहे, गुडघे सोडून. त्यामुळे बेल वाजली की उठायचं काम माझं. ती दिवसभर फोनवरून वस्तू मागवते आणि मी दिवसभर दार उघडतो. घरात तिसरी गाळणी आली आहे. दोघांच्या चहाला तीन गाळण्या कशाला, असं विचारलं तर म्हणते, असू दे.

तुला आठवत असेल, वर्ष संपत आलं की मी खाली बोर्डावर एक सूचना लावतो. वॉचमन, जिना झाडणाऱ्या बाई, लिफ्टवाला, पार्सलवाले, पेपरवाला, यांना ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे द्यावं. पाकीट बंद असावं. दुसऱ्याकरवी पाठवू नये, स्वतः हातात द्यावं, नाव घेऊन द्यावं आणि देताना माणसाकडे बघावं. लोक हसतात. वरच्या मजल्यावरचे वकील दरवर्षी विचारतात, "काका, बघायचं किती वेळ?" पण जन्म हॉटेलात गेला माझा. आधी वेटर, मग कॅप्टन. बशीखाली सारलेली नोट आणि हातात दिलेली नोट एकाच किमतीची असली, तरी घरी जाताना दोन्हींचं वजन वेगळं लागतं. म्हणून मी ती सूचना लावतो.

आता मूळ गोष्ट. गेल्या उन्हाळ्यात आपल्या रस्त्यावरचा पार्सलवाला बदलला. मी दार उघडलं तर समोर तुझा नवरा. हातात खोका, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र. तो थांबला, मी थांबलो. मग तो म्हणाला, "कोड सांगता?" मी मोबाइलमध्ये बघून चार आकडे सांगितले. त्याने खोका दिला, मी दार लावलं.

तेव्हापासून आमचं बोलणं तेवढंच. तो कोड विचारतो, मी चार आकडे सांगतो. एकदा मी चुकून आदल्या दिवशीचा कोड सांगितला, तेव्हा आठ आकडे बोललो. सासरा-जावयातलं आजवरचं सगळ्यात लांब संभाषण ते. आईला मी यातलं काही सांगितलं नाही. तू त्याच्याकडून ऐकलं असशीलच.

वर्ष संपत आलं तसा मला घोर लागला. सूचना माझी, पार्सलवाल्यांचा उल्लेख माझ्याच अक्षरात. पण जावयाला टीप द्यायची का? दिली तर तो आपला कुणी नाही, हे मी त्याच्या तोंडावर सांगितल्यासारखं. नाही दिली तर नात्याचं निमित्त करून कष्टाच्या माणसाला डावललं असं होणार, आणि नातं तरी मी कुठे मानत होतो? शेवटी सगळ्यांची केली तसंच त्याचंही पाकीट केलं. कोपरा आत मुडपून, हॉटेलात रुमालाची घडी घालायचो तसा. वाटलं, तो दारात येईल तेव्हा बघू. कदाचित देताना चार शब्द सुचतील.

तो दारात आलाच नाही. गुरुवारी संध्याकाळी आम्ही काहीजण खाली जिन्यापाशी उभे होतो, तेवढ्यात तो ढकलगाडीवर खोके रचून आत आला. पहिल्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, हाच तो. फार सज्जन मुलगा. माझी औषधं पार टेबलावर नेऊन ठेवतो. द्या ना तुमचं पाकीट, तुमच्या हातून सुरुवात होऊ दे."

मी पाकीट काढलं. पुढे केलं. आणि टिल्लू, मी खोक्यांकडे बघत होतो. "घ्या," म्हटलं. नाव घेतलं नाही.

तो "थँक यू, साहेब" म्हणाला आणि त्याने ते वरच्या खिशात ठेवलं. एवढ्यावर सुटका व्हावी ना, पण बाई बोलक्या. "घरी कोण कोण असतं रे?"

"मी आणि बायको."

"आणि कुणी मोठं? आधाराला?"

"सासरे आहेत," तो म्हणाला. "जवळच राहतात."

"मग काय, छानच आहे!"

"हो," तो म्हणाला.

माझ्याकडे त्याने एकदाही बघितलं नाही. बघितलं असतं तर सगळ्यांना कळलं असतं, म्हणून नाही बघितलं. मी म्हटलं, "चला, लिफ्ट आली." लिफ्ट आलेली नव्हती. मी जिन्याने वर गेलो.

तुझ्या लग्नाला मी आलो नाही, त्याचं कारण तू आईजवळ बोलली होतीस: बाबांना ड्रायव्हर जावई कमीपणाचा वाटतो. मी ते खोडून काढलं नाही, कारण खरं सांगणं जास्त अवघड होतं. मला तो कमीपणाचा वाटला नव्हता, ओळखीचा वाटला होता. गिऱ्हाईक खिशात हात घालतं आणि आपण छताकडे बघत उभे राहतो, ते उभं राहणं मला पाठ आहे. तुझ्या शाळेच्या बुटांत, क्लासच्या फीमध्ये ते होतं. माझ्या मुलीच्या घरातल्या माणसाने तसं उभं राहू नये, एवढं एकच मी धरून बसलो. आणि शेवटी त्याला तसं उभं केलं कुणी? वकिलांनी नाही, डॉक्टरीणबाईंनी नाही.

आता दुसरं पाकीट. कोपरा आत मुडपलेला. ते माझंच होतं हे वॉचमनने सांगायची गरज नव्हती, पण ते त्याच्याकडे कसं आलं हे मात्र विचारावं लागलं.

"काल जावईसाहेबांनी दिलं की," तो म्हणाला. "हातात दिलं, नाव घेऊन. म्हणाले, आमच्या सासऱ्यांच्या घरचं आहे, नाही म्हणू नका. मी म्हटलं, बाईसाहेबांनी दिलंय हो परवाच. तर म्हणाले, ते त्यांच्याकडचं, हे माझ्या हातचं."

"जावईसाहेब हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"काय साहेब! आम्हाला कधीपासून माहीत आहे. शनिवारी ताई असतात ना गाडीत, पुढच्या सीटवर. कोपऱ्यावर गाडी लावतात. मी म्हटलं एकदा, ताई, वर जा की. तर म्हणाल्या, नको, गाडीकडे कुणीतरी लागतं."

गाडीकडे कुणीतरी लागतं. शनिवारी दार लावून मी आत पेपर वाचत बसायचो, आणि तू खाली कोपऱ्यावर.

त्याने पाकीट परत करायला हवं होतं असं सुरुवातीला मला वाटलं. परत केलं असतं तर मी चिडलो असतो, आणि चिडणं मला सोपं जातं. ठेवून घेतलं असतं तर मी मान खाली घालून गप्प बसलो असतो. त्याने ते या घरचा माणूस म्हणून पुढे देऊन टाकलं. देणाऱ्यांच्या बाजूला येऊन उभा राहिला आणि मला न विचारता मलाही शेजारी उभं केलं. इतकी वर्षं पाकिटं देतोय-घेतोय, पण ही रीत मला माहीत नव्हती.

वर येऊन आईला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "झालं एकदाचं."

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून. मला वाटलं दोन-चार पार्सलांत बोलाल. तीन गाळण्या झाल्या, दोन पायपुसणी झाली, ती बिनकामाची छत्री झाली. आता घरात ठेवायला जागा उरली नाही."

"आणि गुडघे?"

"एवढेही दुखत नाहीत," ती म्हणाली आणि देठं मोडत राहिली.

हे पत्र पोस्टाने पाठवतोय. तो रोज येतो, त्याच्याकडे देता आलं असतं, पण आपल्या घरची पत्रंही त्यानेच वाहायची हे बरं दिसत नाही. शुक्रवारपर्यंत तुला मिळेल.

शनिवारी एक पार्सल यायचं आहे. या वेळी मी मागवलं आहे, आईने नाही. काय ते सांगत नाही, पण घरात चारच कप धड उरलेत असं आई म्हणते, आणि ते पुरतील. बेल वाजली की तो कोड विचारेल. मी लगेच सांगणार नाही. आधी त्याचं नाव घेईन, त्याच्याकडे बघून, आणि आत या म्हणेन. किती वेळ बघायचं ते वकिलांना मग सांगू.

गाडीकडे वॉचमन बघेल. त्याला मी तसं सांगून ठेवलं आहे, आणि तो हो म्हणाला आहे.

तुझा बाबा,
आणि तुझ्या नवऱ्याचा सासरा. जवळच राहतो.