तुमची पाण्याची टाकी आणि आमच्या नातीची झोप

श्रीयुत व्याहीबुवा यांस,

सप्रेम नमस्कार. आपली प्रकृती उत्तमच असणार, कारण बोलताना ज्याला श्वास घ्यावा लागत नाही त्याची छाती ठणठणीतच असते. विहीणबाईंचा गुडघा कसा आहे? त्यांना माझा नमस्कार सांगा, मात्र थोडक्यात सांगा. इकडे सगळे बरे आहेत. मी तेवढा बरा नाही. माझा नुसता जळफळाट होतो आहे आणि त्याला कारण तुम्ही आहात.

नातीच्या मेंदूचा आलेख काढायचा होता हे तुम्हाला ठाऊक आहेच. आकड्या सुरू झाल्यापासून ठमाबाईंचं (खरं नाव तुमच्याकडच्यांनी सुचवलं, म्हणून मी ते वापरत नाही) हसू हरवलं होतं. औषधाने आकड्या थांबल्या, पण आतला गोंधळ निवळला का, हे झोपेतल्या आलेखावरून कळणार होतं. डॉक्टरीणबाईंनी मला नीट समजावलं की बाळ झोपलं तरी त्याचा मेंदू झोपत नाही, दिवसभरात शिकलेलं आवरून ठेवतो. त्या वेळी सूत कातायच्या चातीसारख्या, मधे फुगीर आणि टोकांना निमुळत्या, बारीक लहरी उमटतात. त्या नीट दिसल्या तर पुढच्या शिकण्याच्या दृष्टीने चांगली खूण. म्हणजे पोरगी झोपायला हवी, आणि तीही तिथेच, डोक्याला तारा चिकटवलेल्या असताना. त्यासाठी तिला वाटेत अजिबात झोपू द्यायचं नाही, असा हुकूम होता. हे काम अर्थातच माझ्याकडे आलं. उभा जन्म मी स्टेशनवर गाड्यांच्या घोषणा केल्या. बाकांवर घोरणारी माणसं माझ्या आवाजाने ट्रंकांसकट उठून उभी राहत. (तुमच्या आवाजाने काय होतं, ते आपल्या मुलांच्या लग्नाच्या बैठकीत सगळ्यांनी पाहिलं आहे. भटजींनासुद्धा हलवून जागं करावं लागलं होतं.)

तर टॅक्सीत मी ठमीला मांडीवर घेतलं आणि (पहाटेपासून जागा होतो, हे ध्यानात घ्या) मला जराशी डुलकी लागली. सूनबाईंनी मागे वळून पाहिलं तेव्हा आजोबा आणि नात दोघेही ढाराढूर. सूनबाई काही बोलल्या नाहीत. तुमचीच लेक, पण न बोलण्याची कला कुणाकडून शिकली देव जाणे.

व्हायचं तेच झालं. दवाखान्यात आलेखाच्या खोलीत पोचलो तर ठमाबाई टक्क जाग्या. तारा लावणाऱ्या मुलीने मोठ्या चिकाटीने एकेक तार चिकटवली, वर जाळीची टोपी घातली, दिवा मंद केला. मी अंगाई सुरू केली. पहिल्याच ओळीला ठमीने भोकाड पसरलं, दुसऱ्या ओळीला दोन तारा उपटल्या. त्या मुलीने अतिशय अदबीने, आजोबा, जरा बाहेर बसता का, असं विचारलं. मला! मग तुमच्या लेकीने गुपचूप मोबाईल काढला आणि तुमचा तो बोललेला निरोप लावला. पाण्याची टाकी धुण्यापूर्वी वरचा व्हॉल्व्ह आधी बंद करावा की खालचा, यावरचा. (मलाही पाठवला होतात. वेळ मिळाला नाही.) काचेतून पाहत होतो मी. तुम्ही वरच्या व्हॉल्व्हवरून खालच्यावर येईपर्यंत माझी नात झोपली होती.

पाळणा मी आणला, लंगोट मी बदलले, आणि झोप मात्र तुमची. काय वाटलं असेल मला? पाण्याच्या खात्यात तुम्ही जन्मभर लोकांच्या तोंडचं पाणी पळवलंत, ते पुरे नव्हतं का?

असो. लहरी उमटल्या. त्या मुलीने मला पडद्यावर बोट ठेवून दाखवल्या, डाव्या बाजूला आणि उजव्याही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आधीचा गोंधळ दिसत नाही, हे फार चांगलं झालं. पण पोर पुढे किती शिकेल याचं भाकीत मी आज करणार नाही, काही महिन्यांनी पुन्हा आलेख काढू, असंही त्यांनी बजावलं. तुमच्या टाकीवर माझ्या नातीचा मेंदू कामाला लागला होता. माझे डोळे भरून आले, आणि त्याही क्षणी मला तुमचा हेवा वाटत होता. इतका कोत्या मनाचा व्याही तुमच्या वाट्याला आला आहे.

कळावे, लोभ आहे तेवढाच असावा.
तुमचा जळका व्याही

ता. क. एक गोष्ट मुद्दाम राखून ठेवली होती. जागं होतानाचाही थोडा आलेख हवा होता. पण तुमचा निरोप संपता संपेना आणि ठमी उठता उठेना. शेवटी त्यांनी मलाच आत बोलावलं. मी घसा साफ केला आणि 'ठमाबाई येत आहेत' अशी रीतसर घोषणा केली. तिने डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं आणि हसली. आकड्या सुरू झाल्यापासून पहिल्यांदा. तुमची लेक भिंतीकडे तोंड करून रडली.

ता. क. दुसरा. पुढच्या आलेखाला निरोप पाठवू नका, स्वतः या. आधीपासूनच मुक्कामाला या. झोपवणं तुमच्याकडे, उठवणं माझ्याकडे. एकट्याच्याने हे होत नाही, हे मी घरात कुणाला सांगितलेलं नाही. तिचं हसू तुम्हाला दाखवीन. पण माझ्या मांडीवरूनच.